मागून येणाऱ्या दाढा

मंगळवार, ३ मार्च

चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून मी एकच गोष्ट शिकलो. आ वासलेला माणूस, मग तो न्यायाधीश असो की पोस्टमन, सारखाच मूर्ख दिसतो. दवाखाना बंद केला तेव्हा वाटलं होतं, सुटलो. आता एका जनावराचं तोंड बघायला बोलावणं आलंय.

लेकीच्या नवऱ्याला मी या वहीत रखवालदार म्हणणार, कारण तो तेच आहे. जलप्राणी केंद्रात मॅनाटी नावाच्या एका पाण्यातल्या जनावराला खाऊ घालतो आणि तिचं पाणी साफ ठेवतो. लेक म्हणते, "बाबा, ते प्राणिपालक आहेत." प्राणिपालक म्हणे. गणित शिकवणाऱ्या, डोकं शाबूत असलेल्या मुलीने हा माणूस कुठून शोधून काढला, हे मला बारा वर्षांत उलगडलेलं नाही.

या दोघांकडे येऊन मला पाच महिने झाले. तात्पुरता आलोय. त्यांनी माझ्या खोलीत भिंतभर कपाट बसवून घेतलं, तो त्यांचा उतावळेपणा.

आज सकाळी रखवालदार दारात येऊन उभा राहिला. दारात उभं राहणं हा त्याचा छंद आहे. "बाबा, म्हणजे, तुम्हाला वेळ असेल तर एक..." मला बाबा म्हणतो. वाक्याचं शेपूट हाती लागेपर्यंत माझी दाढी करून झाली. तात्पर्य असं की मॅनाटीचे दात पडतात, तो ते डब्यात जमवून ठेवतो, आणि माझ्यासारख्या जाणकाराने ते एकदा बघावेत. मी वेळ काढीन म्हटलं. वेळेशिवाय माझ्याकडे आहे काय, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

चहा आजही अर्धा कप. दोघं कमावतात आणि म्हाताऱ्याला अर्धा कप चहा.

गुरुवार, ५ मार्च

केंद्राला पुढून तिकिटांची खिडकी आहे आणि मागून कामगारांचं फाटक. मला अर्थातच मागून नेलं. ओले बूट, रबरी नळ्या, कोबीच्या पेट्या, शेवाळाचा वास. एक बाई पंप आणि पाणी तापवायची यंत्रं सांभाळते. तिने मला नखशिखान्त बघून घेतलं आणि म्हणाली, "हेच का ते डॉक्टर?" घरी माझ्याबद्दल काय काय बोललं जातं कोण जाणे.

मग मॅनाटी. दहा फूट लांब, चारशे किलोच्या वर, राखाडी, सुरकुतलेलं पोतं. सगळे तिला मावशी म्हणतात. दाराच्या पाटीवर "समुद्रगाय" लिहिलंय. समुद्र नाही, गाय तर मुळीच नाही. रखवालदाराच्या म्हणण्याप्रमाणे तिचं नातं हत्तीशी लागतं आणि पुराव्यादाखल त्याने मला तिच्या वल्ह्यासारख्या हातांची नखं दाखवली. पाण्यात राहणाऱ्याला नखं कशाला? जुनी ऐट, दुसरं काय. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की बाईसाहेब आजारी पडतात. एवढा मोठा देह आणि थंडी सोसत नाही.

खाणं बघितलं. वरचा ओठ मधोमध दुभंगलेला. दोन्ही फाके वेगवेगळे हलतात आणि पाला चिमटीत धरून आत ढकलतात. पुढचा दात एकही नाही, सुळे नाहीत, नुसत्या दाढा. दिवसातले सहा-सात तास चघळणं चालतं. माझ्या एका मामेसासऱ्यांची आठवण झाली.

तेवढ्यात पाण्यातून बुडबुड्यांची रांग वर आली आणि पाठोपाठ वास. पंपवाली म्हणाली, "पादली. आता बघा, खाली जाईल." आणि खरोखर ती हात न हलवता तळाला जाऊन बसली. रखवालदार उत्साहाने सांगू लागला की तिची हाडं आतून भरीव असतात, ओझ्यासारखी, आणि पोटातला वारा धरून ठेवला की ती तरंगते, सोडला की... मी रुमाल नाकाला लावला. माझ्या शिक्षणात एवढीच भर पडायची राहिली होती.

शनिवार, ७ मार्च

बिस्किटांच्या डब्यात सत्तावीस दाढा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, भिंग लावून एकेक बघितली. कोणी कल्पना करणार नाही अशी दुर्दशा. वरचा भाग झिजून सपाट. ते एक वेळ समजू, पाल्याबरोबर वाळूही जात असणार. पण मुळं? जवळजवळ सगळ्यांची मुळं विरघळलेली. काहींना तर मूळच नाही. माणसाच्या तोंडात असं दिसलं असतं तर मी नातेवाइकांना बोलावून घेतलं असतं.

रखवालदाराला बोलावून विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून, बाबा. ते तसंच असतं. म्हणजे मागून नवीन..."

"मागचं मागून बघू," मी म्हटलं. "मुळं विरघळताहेत, आणि तुम्ही डब्यात दाढा जमवताय."

तो हसला. मी चांगलं झापत होतो आणि हा हसला. बाकी मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. पाच महिन्यांनी माझ्यासमोर दात होते. मी त्यांना आकडे दिले, आकार मोजले, तक्ता केला. जेवायला दोनदा हाका माराव्या लागल्या.

बुधवार, ११ मार्च

आता रोज जातो. पंपवाली माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवते.

आज हौदाच्या काठावर बसून पाण्यात हात घातला. मावशी पलीकडच्या टोकाला होती. लगेच वळली आणि सरळ माझ्या हातापाशी आली. तिला मान वळवता येत नाही. माणसाच्या मानेत सात मणके, जिराफाच्या मानेतही सातच, हिच्या मानेत सहा. त्यामुळे बघायचं असलं की अख्खी वळते. अख्खी वळली आणि आली. दुसऱ्या कुणाकडे ती अशी येत नाही, हे पंपवालीनेही कबूल केलं. जनावराला डॉक्टर कळतो.

रखवालदाराने यावरही पाणी ओतलंच. "तिच्या अंगभर केस आहेत, बाबा. विरळ आहेत, पण प्रत्येक केसाला पाण्यातली हालचाल कळते. पाणी गढूळ असलं, डोळ्यांना दिसलं नाही, तरी जराशी थर..." तो थांबला.

"नीट बोला."

"जराशी हालचाल झाली तरी कळते," तो म्हणाला आणि पाईप धुवायला गेला.

वर येऊन तिने एकच श्वास घेतला आणि परत खाली. त्या एका श्वासात नव्वद टक्के हवा बदलते म्हणे. फुप्फुसं पाठीच्या लांबीने पसरलेली, म्हणून पाण्यात आडवी, सपाट राहते. आपण दिवसभर धापा टाकतो आणि प्रत्येक वेळी जेमतेम दशांश हवा बदलतो. तिच्या मेंदूला मात्र वळ्या नाहीत, गुळगुळीत आहे. तिच्यात आणि रखवालदारात एवढी जवळीक का, ते समजलं.

दवाखाना का बंद केला ते कधीतरी लिहायचंच होतं, आज लिहितो. एक शिक्षिका आली होती, खालची डावी दाढ किडलेली. शेजारची निघाली. मी तिला म्हटलं, "तीही खराबच होती, काढलेली बरी." तिने विश्वास ठेवला आणि आभारही मानले. दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली. लेकीला सांगितलं, कंटाळा आला.

शुक्रवार, १३ मार्च

आज पहाटे पाणी प्यायला उठलो. दोघं स्वयंपाकघरात होते, दार लोटलेलं.

लेक : "ते रोज जातात ना? त्रास तर देत नाहीत?"

रखवालदार : "नाही गं. रमतात. हाताला काम हवं होतं त्यांना. डबा दिला ते बरं झालं."

लेक : "तुम्ही होतात म्हणून."

मी पाणी न पिता परत आलो.

म्हणजे मी जाणकार नाही. मी डबा देऊन बसवलेलं मूल. आणि बसवलं कुणी, तर कोबीची देठं मोजणाऱ्या माणसाने. माझ्या पदव्यांच्या अक्षरांएवढी ज्याची आयुष्यात वाक्यं पूर्ण झाली नाहीत, त्याने. रागाने कान तापले. मी ठरवलं, याला जाणकार म्हणजे काय ते दाखवायचं.

संध्याकाळी केंद्राच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. टाइप केलं, एका बोटाने. हल्ली टाइपच करतो, नीटनेटकं दिसतं. "सदर प्राण्यास दातांची मुळे विरघळण्याचा गंभीर विकार असून तो दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला आहे. देखभाल अप्रशिक्षित व्यक्तीच्या हाती असल्याने..." वगैरे. मऊ, शिजवलेलं अन्न द्यावं असंही सुचवलं. खाली सही, तिन्ही पदव्या. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकूनही आलो.

आता थोडं जड वाटतंय. पण लिहिलं त्यात खोटं काय आहे? सत्तावीस दाढा माझ्यासमोर आहेत.

सोमवार, १६ मार्च

व्यवस्थापकांनी बोलावलं. हे गृहस्थ पूर्वी कुठलंसं हॉटेल चालवत. हौदाशेजारी, दमट हवेत, गळ्याला टाय. पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं होतं. प्राणी आजारी असल्याची कुणकुण वर्तमानपत्रांना लागली तर काय, या भीतीने त्यांना घाम फुटला होता. जनावरांची डॉक्टरीण महिन्यातून एकदा फेरी मारते. सध्या ती कुठल्याशा पाहणीसाठी बोटीवर आहे, फोन लागत नाही.

रखवालदारालाही बोलावलं. तो दारात उभा राहिला. म्हणाला, "साहेब, त्या दाढा पडायच्याच असतात. मागून..."

टायवाले म्हणाले, "तुम्ही रखवालदार, ते डॉक्टर."

अगदी माझाच शब्द. या वहीतला. दुसऱ्याच्या तोंडून तो कानाला बरा लागला नाही, का ते समजलं नाही.

शिजवलेलं देणार नाही, असं रखवालदार म्हणाला. हे वाक्य मात्र त्याने पूर्ण केलं. त्यावर टायवाल्यांनी त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आणि बहुधा कायमचं, असंही पुढे जोडलं. मला सल्लागार केलं. तो कोटाचं बटण लावत माझ्या जवळून गेला आणि हळूच म्हणाला, "बाबा, निदान देठं तरी द्यायला सांगाल? चावायला काही नसलं की तिचं..."

"मी बघतो," मी म्हटलं.

मंगळवार, १७ मार्च

लेकीला कळलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना आधी विचारलं होतंत का?" मी म्हटलं, शास्त्रात विचारायचं काय. ती वह्या तपासायला बसली. लाल पेनने एकाच गणितावर कितीतरी वेळ गोल काढत राहिली.

रखवालदाराने दिवसभर घरातले पंखे पुसले. मला चहाही त्यानेच आणून दिला. रागावलेलं माणूस निदान चहा तरी विसरतं. हा तेही करत नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

शुक्रवार, २० मार्च

मावशी तिरपी झाली आहे.

चार दिवस शिजवलेला पाला आणि पिठाची लापशी. पहिल्या दिवशी तिने ओठांनी चाचपून सोडून दिली, मग भूक लागल्यावर खाल्ली. काल पोट फुगलं. आज तिची डावी कूस वर आली ती खाली जाईना. बुडी मारायला बघते आणि बुचासारखी वर येते. पाठीचा जो भाग पाण्याबाहेर राहिला, तो सुकून पांढुरका पडला आहे. पंपवाली ओली चादर टाकते, ती घसरते, परत टाकते.

"वारा सरत नाही तिचा," पंपवाली म्हणाली. "दादा असते तर त्यांना परवाच कळलं असतं. बुडबुडे मोजायचे ते."

"बुडबुडे मोजायचा?"

"तुम्ही नाक दाबायचात तेव्हा."

टायवाले येऊन गेले. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ही दातांचीच लक्षणं ना?" मी म्हटलं, शक्यता आहे. शक्यता आहे, असं मी म्हटलं. घरी येईपर्यंत ते दोन शब्द तोंडात कडू लागत होते.

शनिवार, २१ मार्च

आज तिचं तोंड तपासलं. इतके दिवस डब्यातले दात बघून निदान केलं, तोंडात बोट घातलं नव्हतं. माझ्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरने असं केलं असतं, तर मी त्याचे दात त्याच्याच घशात घातले असते.

तिला उथळ भागात आणलं. दोन कामगारांनी आणि पंपवालीने धरलं, पण धरायची गरज नव्हती. मी कमरेपर्यंत पाण्यात. हात पुढे केला तसे तिच्या ओठांचे दोन्ही फाके पुढे आले आणि त्यांनी मनगट धरलं. ओठांवरचे राठ केस कातडीला लागले. तिने घट्ट धरलं नाही आणि सोडलंही नाही. माझा हात हलतोय हे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. डॉक्टर कळतो, म्हणे.

नजर गेली असेल, हात गेला असेल, पण बोटाचं टोक अजून खोटं बोलत नाही. खालचा जबडा, डावी बाजू. सगळ्यात पुढची दाढ ढिली, बोटाने हलते. तिच्यामागची घट्ट. तिच्यामागची त्याहून घट्ट. हिरड्या निरोगी, इतक्या निरोगी हिरड्या मी माणसात फार थोड्या पाहिल्या. मागे मागे गेलो. शेवटी, जिथे ओळ संपायला हवी, तिथे हिरडीतून एक नवं, धारदार टोक वर आलेलं. तीस वर्षांच्या जनावराला नवी दाढ. दुसऱ्या बाजूला तेच. वरच्या जबड्यातही तेच.

मी हात बाहेर काढला नाही. पुन्हा पुढून मागे मोजत गेलो. चूक शोधत होतो, तिची.

पुढची झिजते, मूळ आपोआप विरतं, ती गळते, आणि मागची अख्खी ओळ पुढे सरकते. हिला जन्मभर अक्कलदाढच येत राहते. मला एकदा आली होती, ती मी काढून घेतली.

मागून नवीन, असं तो म्हणाला होता. मी त्याला एकदाही पुढचं बोलू दिलं नव्हतं.

रविवार, २२ मार्च

सकाळी मी रखवालदाराच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो नुसत्या बनियनमध्ये बसून बुटांना पॉलिश करत होता. मी म्हटलं, "ते मागून नवीन येतं, त्याच्यापुढे काय?"

त्याने सांगितलं. बराच वेळ लागला. पाला चावताना जो दाब पडतो, त्यानेच ओळ पुढे सरकते. महिन्याला एखाद-दोन मिलिमीटर. पिल्लू आईच्या काखेतलं दूध सोडून पाला खाऊ लागलं की ती चाल सुरू होते, ती मरेपर्यंत थांबत नाही. तिचं आतडंही चोथ्यावर चालतं. लापशी दिली की दाढाही थांबतात आणि वाराही अडकतो. मध्ये तीन वेळा तो अडखळला, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

"किती दिवस निघतील तिचे असे?" मी विचारलं.

"फार नाही, बाबा. न्यूमोनिया होतो. श्वास घेताना तिरप्या अंगाने पाणी जातं."

"हे तुम्ही मला इतके दिवस ओरडून का नाही सांगितलंत?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "तुम्ही दाढा मोजत होतात," तो म्हणाला. "पाच महिन्यांत पहिल्यांदाच तुम्हाला जेवायला दोनदा हाका माराव्या लागल्या. मला वाटलं, सांगू हळूहळू."

मला लाज वाटली. हा शब्द मी या वहीत पहिल्यांदाच लिहितोय, अक्षरं नीट आलेली नाहीत.

सोमवार, २३ मार्च

काल रविवार, टायवाले भेटले नाहीत. आज सकाळी त्यांच्यासमोर गेलो. म्हटलं, निदान चुकलं. पाला आत्ता सुरू करा, देठांसकट, आणि तुमच्या माणसाला परत बोलवा.

त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग हॉटेलवाल्यांचं ते हसू, खोलीत झुरळ निघाल्यावरचं. "पाला देऊ या, लगेच. पण डॉक्टरसाहेब, तुमच्या पत्रावर मी कारवाई केली आहे. आता कागदावर काहीतरी यायला हवं." त्यांनी स्वतःच वाक्य जुळवलं, " 'पालकाकडून वेळेत माहिती न मिळाल्याने निदानात तफावत आली.' तुमचं नाव राहील, माझंही राहील. तुमच्या जावयांना एक लेखी ताकीद देऊन परत घेऊ. नोकरी वाचली म्हणजे झालं."

खरं सांगतो, वाक्य मला आवडलं. नीट बांधलेलं होतं. तफावत आली. कुणी आणली नाही, आपली आपणच आली. शेजारची दाढ निघाली, तशी. जनावर वाचत होतं, नोकरी वाचत होती, आणि चाळीस वर्षांच्या पाटीवर ओरखडा उठत नव्हता. ताकीद काय, कपाटात पडून राहिली असती. रखवालदार तर तीही अर्धवट हसून घेईल. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

आणि त्यांच्या टेबलाच्या काचेत मला माझं तोंड दिसलं, आ वासलेलं.

मी म्हटलं, कागद द्या. त्यांनी टाइप करायला कारकुनाला बोलावतो म्हटलं. मी म्हटलं, नको, हाताने लिहितो, नंतर कुणी बदलायला नको. सहा महिन्यांत मी कुणासमोर हाताने लिहिलेलं नाही. चार ओळींना पाव तास लागला. टायवाले आधी कागदाकडे बघत होते, मग माझ्या हाताकडे, मग भिंतीकडे.

त्यांनी कागद उचलला, जवळ धरला, लांब धरला. "डॉक्टर, हे... वाचता येत नाहीये."

म्हणून मला तो वाचून दाखवावा लागला. पंपवाली दारात आली होती, कारकून होता, बाहेरच्या बाकावर रखवालदार होता. मी उभा राहून वाचलं : "या प्राण्याच्या दाढा मागून येतात आणि पुढून पडतात. हा आजार नाही. प्राणिपालकांनी हे मला तीन वेळा सांगण्याचा प्रयत्न केला. मी ऐकलं नाही. प्राण्याला झालेला त्रास माझ्यामुळे झाला. मी चुकलो." शेवटच्या दोन शब्दांना आवाज गेला. कारकून म्हणाला, "शेवटचं काय?" तोही एक नग. परत वाचलं.

रखवालदार उठला. मला वाटलं, आत येईल, काहीतरी बोलेल. तो सरळ हौदाकडे गेला, चालता चालता बाह्या सारत.

टायवाल्यांनी कागद पाकिटात घातला आणि मला थंडपणे सांगितलं, की यापुढे बाहेरच्या माणसांना मागच्या फाटकातून आत सोडलं जाणार नाही.

रविवार, २९ मार्च

सहा दिवस घरी. रखवालदार रोज येऊन सांगतो. मंगळवारी गवत खाल्लं. बुधवारी पहिला बुडबुडा. गुरुवारी अकरा. मीही विचारतो, आणि दोघं एका मॅनाटीच्या पादण्याबद्दल जेवताना बोलतो. लेक कपाळाला हात लावते, पण उठून जात नाही.

आज मी तिकीट काढून पुढच्या दाराने गेलो. पहिल्यांदाच. तिथे पुरुषभर उंचीचा रंगीत फलक आहे, लहान मुलांसाठी. मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "मावशीच्या दाढा मागून येतात! जुनी पडते, नवी सरकते!" शेजारी चित्र, दाढांना पाय काढलेले. खाली व्यवस्थापकांचं नाव. ते त्यांनीही वाचलेलं नाही. या गावात तिकीट काढणाऱ्या प्रत्येक पाच वर्षांच्या पोराला जे माहीत होतं, ते मागच्या फाटकाने जाणाऱ्या तज्ज्ञाला माहीत नव्हतं.

काचेपलीकडे मावशी होती. सपाट, आडवी. पाठीवरचा पांढुरका डाग अजून दिसतो. रखवालदार रबरी पोशाखात पाण्यात उतरला होता आणि ब्रशने काचेचं शेवाळ काढत होता. त्याला मी दिसलो नसणार. तिने बुडबुडे सोडले आणि सावकाश तळाला गेली.

माझ्या शेजारी एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, "काय मंद जनावर आहे. याला दात तरी असतात का?"

मी त्यांच्याकडे वळलो. फलक तुमच्या पाठीमागे आहे, म्हटलं, पण तुम्ही वाचणारे दिसत नाही. मग मी त्यांना दाढांची चाल सांगितली. भरीव हाडं सांगितली, पाठभर फुप्फुसं सांगितली, सहा मणके सांगितले, पोटातल्या वाऱ्यावर बुडायचं आणि तरंगायचं कसं ते सांगितलं. त्यांचा आ वासला, बायकोचाही. त्यांची सुटका होईना आणि माझं थांबेना.

"तुम्ही इथले शास्त्रज्ञ का?" बाईंनी विचारलं.

"छे. मी नुसता दातांचा डॉक्टर."

"मग एवढं सगळं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी हात वर करून काचेकडे दाखवलं. पण बोट एका जागी राहीना. बाई आधी मॅनाटीकडे बघू लागल्या, मग कोपऱ्यातल्या दगडाकडे, मग माझ्या हाताकडे. मी हात खाली घेतला नाही.

"पाण्यात ब्रश घेऊन आहे ना, तो," मी म्हटलं. "तो माझा जावई."